हिवाळ्यातलं जंगल ब्लॅक अँड व्हाइटमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फातली झाडं, पानगळीनंतरची ओकीबोकी रानं आणि त्यांचे कृष्णधवल फोटो यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांचे आहेत, पुढचे जरा अडनिडे आहेत. एखादा मुद्दा आधी येऊन गेला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हिवाळ्यातलं जंगल मुळातच काळं-पांढरं दिसतं. मग ब्लॅक अँड व्हाइट करून वेगळं काय मिळतं?

ते डोळ्याला तसं वाटतं, पण नसतं. स्वच्छ ऊन असेल तर बर्फावरच्या सावल्या चक्क निळ्या असतात, कारण तिथे ऊन पोचत नाही, फक्त आकाशाचा उजेड पोचतो. काही पाइन वृक्षांच्या खोडाचा वरचा भाग नारिंगी असतो, शेवाळ हिरवं असतं, आणि ओक-बीचच्या फांद्यांवर हिवाळाभर लटकून राहिलेली सुकी पानं तांबूस असतात. हे सगळे रंग फिके. रंगीत फोटोत ते धड उठूनही दिसत नाहीत आणि नजरेला स्वस्थही बसू देत नाहीत. कृष्णधवलमध्ये मात्र याच रंगांच्या जोरावर आपण ठरवतो की काय उजळ ठेवायचं आणि काय गडद.

जंगलाच्या फोटोत खरं काम एकच आहे: झाड झाडापासून सुटं दिसलं पाहिजे. पानांनी गच्च भरलेल्या रानात ते फार कठीण जातं. हिवाळ्यात पानं गळलेली असतात, जमिनीवरचा पसारा झाकलेला असतो, आणि खोडाफांद्यांची रेष मोकळी होते. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं फिरून या सुटेपणापाशीच येतात.

२. बर्फ पडलेलाच हवा का?

नाही. पाऊस पडून गेल्यावर भिजलेली साल कोरड्या सालीपेक्षा बरीच गडद दिसते, आणि मागे थोडं धुकं असेल तर तेवढ्यावर उत्तम फोटो होतो. बिनबर्फाच्या रानात अडचण जमिनीची असते. पाचोळा आणि काटक्या मिळून एकसारखा मधला करडा पट्टा तयार होतो आणि त्यात खोडांचे बुंधे विरघळून जातात. तेव्हा कॅमेरा थोडा वर उचला आणि जमीन चौकटीत कमीत कमी घ्या. सगळ्यांत त्रासदायक असतो तो अर्धवट वितळलेला, ठिपक्याठिपक्यांचा बर्फ. अशा दिवशी एकेका झाडाचे, सालीचे, मुळांचे जवळून फोटो घ्यावेत हे बरं.

३. माझ्या फोटोत बर्फ नेहमी करडा, मळकट येतो. कॅमेरा बिघडलाय का?

कॅमेरा अगदी नेमून दिलेलं काम करतोय. त्याचा मीटर समोर जे असेल ते मधल्या करड्यावर आणून ठेवतो, म्हणजे साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या पृष्ठभागाइतकं. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. दोन्हींतलं अंतर दोन स्टॉपहून थोडं जास्त आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), आणि तेवढाच तुमचा बर्फ काळवंडतो.

चौकट जवळपास सगळी बर्फाचीच असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबापेक्षा जास्त-कमी प्रकाश देण्याची सोय, +१.७ ते +२ ठेवा. पण जंगलात अशी चौकट क्वचित मिळते. अर्धी जागा गडद खोडांनी व्यापलेली असेल तर मीटरच्या हिशेबात तीही येतात आणि +०.७ ते +१ पुरतं. म्हणून ‘बर्फ म्हणजे +२’ हा सरसकट नियम रानात लावू नका. एक फोटो घ्या, हिस्टोग्राम (फोटोतल्या छटांचा आलेख: डावीकडे गडद, उजवीकडे उजळ) बघा, मग आकडा ठरवा.

स्पॉट मीटर, म्हणजे चौकटीतला एक छोटा तुकडाच मोजणारा मीटर, असेल तर काम आणखी नेमकं होतं. उन्हातल्या, पोत दिसणाऱ्या बर्फाच्या तुकड्यावर मीटर धरा आणि त्याने सांगितलेल्यापेक्षा दोन ते अडीच स्टॉप जास्त प्रकाश द्या. अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा एकेका स्टॉपच्या पायऱ्यांत वाटलेल्या आहेत. तिच्यात पोत असलेल्या बर्फाची जागा सातव्या-आठव्या झोनमध्ये येते, आणि मीटर सगळं पाचव्यावर ठेवतो. हा आकडा तिथून येतो.

४. एक्सपोजर वाढवलं तर बर्फ पांढराफटक होतो. कणाकणांचा पोत कुठे जातो?

दोन कारणं असू शकतात. पहिलं म्हणजे प्रकाश खरोखरच जास्त झाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे उजव्या भिंतीला तो जरासा टेकला तरी रॉ फाइलमध्ये (सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीत) थोडी जागा शिल्लक असते. ढीगच भिंतीवर चढला असेल तर ती जागाही संपलेली असते. तीन रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे दिसत असतील तर तेच पाहा, कारण एखादाच रंग भरून वाहत असेल तर एकत्रित आलेखात ते लपून राहतं.

दुसरं कारण जास्त वेळा आढळतं: पोत दिसावा असा प्रकाशच नव्हता. बर्फाचा पोत म्हणजे बारीक बारीक सावल्या. सूर्य तुमच्या पाठीशी असेल तर त्या सावल्या कणांच्या मागे दडतात आणि तुम्हाला दिसतच नाहीत. सूर्य बाजूला किंवा तिरपा समोर घ्या, त्याच बर्फावर वाऱ्याने उठवलेल्या लाटा आणि पक्ष्यांच्या पायांचे ठसे उमटलेले दिसतील. हिवाळ्यात यासाठी पहाटेच उठलं पाहिजे असं नाही. ५० अंश उत्तर अक्षांशावर २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेसोळा अंश वर असतो, आणि झाडाची सावली झाडाच्या उंचीच्या तिपटीहून लांब पडते.

५. कॅमेऱ्यातच मोनोक्रोम मोड लावावा की रंगीत काढून नंतर बदलावं?

दोन्ही एकदम करा. फाइल रॉ ठेवा आणि पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा. पडद्यावर किंवा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये कृष्णधवल दिसेल आणि रॉमध्ये रंगांची सगळी माहिती शाबूत राहील. तिथल्या तिथे करड्या छटा पाहता येतात याचा फायदा फार मोठा आहे. रंगीत दृश्यात तांबूस पानं आणि मागचं हिरवं स्प्रूस (एक सदाहरित सूचिपर्णी झाड) अगदी वेगळी वाटतात, पण करड्यात दोघांची छटा एकच निघते. हे घरी येऊन कळण्यापेक्षा तिथेच कळलं तर दोन पावलं सरकून पानांच्या मागे बर्फ आणता येतो.

फक्त जेपेग काढत असाल तर मात्र मोनोक्रोम मोड जपून वापरा. एकदा रंग गेले की प्रश्न १७ मधलं काहीच करता येणार नाही.

६. पिवळा, नारिंगी, लाल फिल्टर म्हणजे नक्की काय? डिजिटलला लागतात का?

फिल्टर आपल्या रंगाचा प्रकाश आत सोडतो आणि विरुद्ध रंगाचा अडवतो. बर्फात अडवायचा असतो तो निळा: आकाशाचा आणि सावल्यांचा. पिवळा (८ नंबर) थोडा अडवतो आणि एक स्टॉप प्रकाश खातो. नारिंगी (२१ नंबर) सुमारे दोन स्टॉप. लाल (२५ नंबर) तीन स्टॉप घेतो आणि आकाश जवळपास काळं करून सोडतो. मोकळ्या डोंगरावर लाल फिल्टर शोभून दिसतो, पण जंगलात तो सावल्या इतक्या काळ्या करतो की खोडं आणि त्यांच्या सावल्या एकमेकांत मिसळतात. रानासाठी पिवळा किंवा नारिंगी चांगला, असं माझं ठाम मत आहे.

फिल्मसाठी हे फिल्टर खरेच लागतात. रंगीत सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लावू नका, रॉमधल्या स्लायडरने तेच काम होतं. लाल काच लावली तर सेन्सरवरच्या दर चार पिक्सेलांपैकी एकालाच पुरेसा प्रकाश मिळतो आणि बाकीचे उपाशी राहतात. मोनोक्रोम सेन्सरची गोष्ट वेगळी, तिच्यासाठी प्रश्न १५ पाहा.

आणि ढगाळ दिवशी? बर्फावर निळ्या सावल्याच नसतात, त्यामुळे फिल्टर असो वा स्लायडर, बर्फावर फरक पडत नाही. फरक पडलाच तर शेवाळ, पानं आणि साल यांच्यावर पडतो.

७. वाइड अँगलने काढलं की नुसती गिचमिड होते. कोणती लेन्स घेऊ?

७०-२०० मिलिमीटर. जंगल म्हटलं की सगळं सामावून घ्यावंसं वाटतं आणि हात आपसूक वाइड लेन्सकडे जातो, पण तिच्यात काटक्या आणि फांद्यांमधून डोकावणारे आकाशाचे पांढरे तुकडे सगळेच येतात. ते तुकडे कृष्णधवलमध्ये फार बोचतात, कारण चौकटीतली सर्वांत उजळ जागा तीच ठरते. लांब लेन्सने आकाश वगळता येतं आणि तीन-चार खोडांचाच फोटो काढता येतो.

उभं राहण्याची जागा मात्र लेन्सपेक्षाही महत्त्वाची. एक डोळा मिटून डावी-उजवीकडे हळूहळू सरका. दोन डोळ्यांनी आपल्याला खोली कळते, म्हणून पुढचं खोड मागच्यावर चढलेलं असलं तरी खटकत नाही. एका डोळ्याने ते लगेच दिसतं. प्रत्येक खोडाच्या दोन्ही कडांना उजेडाची एक चीर दिसेल अशी जागा शोधा. कधी ती जागा एका पावलावर असते, कधी सापडतच नाही, आणि मग तो फोटो सोडून द्यावा.

वाइडच वापरायची असेल तर कॅमेरा क्षितिजाला समांतर ठेवा. वर वळवलात की सगळी खोडं आत झुकतात. अॅपर्चर एफ/८ ते एफ/११ पुरतं. एफ/१६ च्या पुढे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) बारीक डहाळ्यांची धार बोथट होऊ लागते.

८. भूर्जाची पांढरी झाडं पांढऱ्या बर्फात हरवून जातात. काय करायचं?

पार्श्वभूमी बदला. भूर्जाच्या मागे बर्फ असेल तर तो हरवणारच. मागे स्प्रूससारख्या सदाहरित झाडांची गडद भिंत आणा. ती सावलीत आणि भूर्ज उन्हात असेल तर काही करावंच लागत नाही. अशी भिंत नसेल तर सूर्य झाडाच्या मागे घ्या. खोड सावलीत जातं, करडं पडतं, आणि उजळ बर्फावर त्याची बाह्यरेषा उमटते.

तिसरी वाट म्हणजे अगदी जवळ जाणं. भूर्जाची साल कागदासारखी आडवी सोलते आणि तिच्यावर काळ्या आडव्या रेघा असतात. जिथे फांदी गळून गेली तिथे काळा व्रण राहतो, वर भुवईसारख्या दोन तिरप्या रेषा घेऊन. वाऱ्याच्या बाजूला सालीच्या प्रत्येक सुटलेल्या कडेवर बर्फाची बारीक किनार बसते, दुसऱ्या बाजूला साल कोरडी असते. हात-दीड हात अंतरावरून एवढंच काढा. काळ्या रेघांनी पांढऱ्या रंगाला आधार मिळतो.

९. उन्हाचा दिवस बरा की ढगाळ?

जंगलासाठी ढगाळ. उन्हात प्रत्येक खोडाला एक सावली जोडली जाते, म्हणजे रेषांची संख्या दुप्पट. विरळ झाडी असेल तर त्या लांब सावल्याच फोटोचा विषय होऊ शकतात आणि तेव्हा ऊन जरूर हवं. दाट झाडीत मात्र ढगांखालचा सपाट उजेड प्रत्येक झाडाला त्याची स्वतःची छटा देतो. हा फोटो आधी निर्जीव वाटतो, कारण हिस्टोग्राम मध्येच गोळा झालेला असतो. त्याला एडिटिंगमध्ये ताणायला भरपूर जागा आहे असं समजा.

१०. धुक्यात आणि हिमतुषारात काढताना काय वेगळं लक्षात ठेवायचं?

धुक्यात अंतर वाढत जाईल तसं खोड फिकं होत जातं. झाडं सुटी करण्याचं जे काम एरवी आपण करतो, ते इथे हवाच करून देते. फक्त एक गोष्ट तुम्ही करायची: पुढे, अगदी जवळ, एक ठसठशीत गडद झाड ठेवा. ते नसेल तर सगळा फोटो फिका पडतो, कारण फिक्याची तुलना करायला गडद असं काही उरत नाही. एडिटिंगमधल्या ‘डीहेज’ या धुरकटपणा घालवणाऱ्या स्लायडरला हात लावू नका, ते धुकंच पुसून टाकतं.

फांद्यांवर जे पांढरं साचतं ते दोन प्रकारचं असतं. हवेतल्या वाफेचे थेट स्फटिक होतात ते दहिवर: नाजूक, पिसांसारखं, ऊन लागलं की लगेच झडणारं. शून्याखाली जाऊनही द्रवच राहिलेले धुक्याचे थेंब फांदीवर आदळून गोठतात तो थर जाड असतो आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला वाढत जातो. पहिल्यासाठी सूर्योदयाआधीच जागेवर पोचलं पाहिजे. दोन्हींना मागे गडद पार्श्वभूमी हवी, नेमकी प्रश्न ८ मधल्या भूर्जासारखी.

११. बर्फ पडत असताना शटर किती ठेवू?

कण ठिपक्यांसारखे हवे असतील तर १/२५० सेकंद किंवा जलद. रेघोट्या हव्या असतील तर १/३० ते १/६०. एक सेकंदाहून जास्त ठेवलंत तर कण दिसेनासे होतात आणि नुसता धुरकटपणा उरतो. पडणारे कण गडद झाडांसमोर पांढरे दिसतात आणि उजळ आकाशासमोर काळसर, त्यामुळे आकाश टाळा. ऑटोफोकस जवळच्या कणांच्या मागे धावतो. खोडावर फोकस करून मॅन्युअलवर टाका. फ्लॅश उडाला तर लेन्सजवळचे कण मोठ्या पांढऱ्या चकत्या होऊन येतात, म्हणून तो बंदच असू द्या.

१२. पोलरायझरचा उपयोग होतो का?

पोलरायझर म्हणजे लेन्सवर फिरवायचा, चकाकी अडवणारा फिल्टर. ओल्या सालीवरची आणि पानांवरची चकाकी तो काढतो, साल गडद आणि खोल दिसते. बिनबर्फाच्या, पावसाळी रानात म्हणूनच तो हवा. एक ते दोन स्टॉप प्रकाश घेतो हे लक्षात असू द्या. बर्फावर मात्र तो पूर्ण फिरवू नका: बर्फाची चमक ही चकाकीचाच भाग आहे, ती गेली की बर्फ खडूच्या भुकटीसारखा मेलेला दिसतो.

१३. थंडीत कॅमेरा आणि बॅटरी कशी सांभाळायची?

लिथियम-आयन बॅटरी थंडीत लवकर बसते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा आणि आलटून पालटून वापरा. थंडीने बसलेली बॅटरी गरम झाल्यावर पुन्हा थोडा वेळ चालते. व्ह्यूफाइंडरवर श्वास सोडू नका, वाफ तिथेच गोठते. लेन्सवर पडलेला बर्फ फुंकरीने उडवू नका, ब्लोअर वापरा.

खरा धोका परतल्यावर असतो. थंडगार कॅमेरा उबदार खोलीत आणला की त्याच्या अंगावर, आणि आतही, दव धरतं. बाहेर असतानाच तो हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत घाला, आतली हवा काढून तोंड बंद करा, आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत दोन-तीन तास उघडू नका. फोटो पाहायची घाई असेल तर मेमरी कार्ड पिशवीत घालण्याआधीच काढून घ्या.

ट्रायपॉडचे पाय खोल बर्फात रोवताना पूर्ण फाकवू नका. खाली दाबताना ते आणखी फाकतात आणि सांध्यावर ताण येतो. आणि कुठे चालता ते बघा: पावलांचे ठसे एकदा उमटले की समोरची जमीन गेली. आधी लांबून चौकट ठरवा, मग वळसा घालून जा.

१४. फिल्मवर काढतो. मंद उजेडात निगेटिव्ह पातळ येतात, मीटर तर बरोबर आहे.

बहुधा हा रेसिप्रॉसिटीचा, म्हणजे लांब एक्सपोजरला फिल्म मंदावण्याचा, दोष आहे. साधारण अर्ध्या-एका सेकंदाच्या पुढे फिल्मची संवेदनशीलता घटत जाते आणि मीटरला ते ठाऊक नसतं. इलफर्ड कंपनीच्या कृष्णधवल फिल्मसाठी मीटरने दाखवलेल्या सेकंदांचा घात काढतात: एफपी४ प्लसला १.२६, एचपी५ प्लसला १.३१. मीटर १० सेकंद म्हणत असेल तर एफपी४ ला सुमारे १८ आणि एचपी५ ला सुमारे २० सेकंद द्या. फिल्टर लावला असेल तर आधी त्याचे स्टॉप मिळवा, मग हा हिशेब करा. उलट क्रमाने केलंत तर उत्तर चुकतं.

थंडीत फिल्म ठिसूळ होते आणि कोरड्या हवेत स्थिर विजेच्या ठिणग्यांचे डाग उमटू शकतात. रोल सावकाश गुंडाळा.

१५. मोनोक्रोम सेन्सरचा कॅमेरा घेतला तर सगळं सोपं होईल का?

काही गोष्टी सोप्या होतात, काही अवघड. ब्राइस बेयर यांचं १९७६ मध्ये पेटंट झालेलं रंगीत जाळं नेहमीच्या सेन्सरवर असतं. लायकाच्या एम मोनोक्रोम (२०१२) किंवा पेंटॅक्सच्या के-३ मार्क थ्री मोनोक्रोम (२०२३) अशा कॅमेऱ्यांवर ते नसतं. त्यामुळे प्रकाश जास्त पोचतो आणि बारीक डहाळ्या अतिशय स्पष्ट येतात. पण रंगांची नोंदच होत नाही. निळ्या सावल्या गडद करायच्या असतील तर काचेचा पिवळा किंवा नारिंगी फिल्टर तिथेच लावला पाहिजे. शिवाय रंगीत सेन्सरवर एक रंग भरून वाहिला तर उरलेल्या दोनांवरून थोडं सावरता येतं. इथे पांढरं गेलं की गेलं. म्हणून बर्फात या कॅमेऱ्याला प्रश्न ३ मधल्या आकड्यापेक्षा थोडा कमी प्रकाश द्या आणि सावल्या नंतर उचला.

१६. इन्फ्रारेडमध्ये झाडं पांढरीशुभ्र दिसतात. हिवाळ्यात तसं का होत नाही?

ती शुभ्रता हिरव्या पानांची असते. पानांची आतली रचना अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश जोरात परत फेकते. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९१० मध्ये असे फोटो दाखवले म्हणून त्या परिणामाला त्यांचं नाव आहे. पानगळी झाडांवर पानंच नाहीत, तर परिणाम कुठून येणार? सूचिपर्णी झाडं मात्र हिवाळ्यातही उजळतात, आणि नेमकी इथे पंचाईत होते: बर्फासमोर गडद भिंतीचं काम करणारी तीच झाडं फिकी पडतात. बर्फाच्या रानात साधा कृष्णधवलच उजवा.

१७. निळा स्लायडर खाली ओढला की सावल्या छान गडद होतात, पण डाग पडतात आणि फांद्यांभोवती पांढरी कड येते.

स्लायडर फार ओढला जातोय. निळ्या रंगात मुळात गोंगाट जास्त असतो, आणि एका रंगाची छटा एकदम बदलली की फांदी आणि आकाश जिथे भेटतात तिथे कड फाटते. आधी व्हाइट बॅलन्स ठीक करा, कारण तो बदलला की प्रत्येक स्लायडरचा परिणाम बदलतो. मग निळा निम्माच ओढा आणि उरलेला गडदपणा ब्रशने, सावलीपुरता बर्न करून (म्हणजे तेवढाच भाग गडद करून) आणा. क्लॅरिटी (बारीक तपशील उठावदार करणारा स्लायडर) आणि शार्पनिंग डहाळ्यांवर अगदी बेताने लावा. डहाळ्यांचं जाळं आधीच इतकं तीक्ष्ण असतं की थोडं जास्त झालं की तारेच्या घासणीसारखं दिसतं.

बीचची सुकी पानं उजळायची असतील तर नारिंगी स्लायडर वर न्या. गडद रानात खालच्या फांद्यांवरची ती पानं दिवे लावल्यासारखी उठतात. सालही तांबूस असेल तर तीही उजळेल, तेवढी नंतर खाली आणा.

१८. पडद्यावर सुंदर दिसणारा बर्फ छापल्यावर रिकामा कागद वाटतो. का?

कारण तिथे खरोखर कागदच असतो. २५५ ला, म्हणजे डिजिटल फोटोतल्या शुद्ध पांढऱ्याला, पोचलेल्या जागी प्रिंटर शाई टाकत नाही, आणि चकचकीत कागदावर ती बिनशाईची जागा तिरप्या उजेडात वेगळीच चमकते. बर्फाच्या सर्वांत उजळ भागाला २४५ ते २५० च्या आसपास ठेवा. शुद्ध पांढरं फक्त दवाच्या चमकत्या कणांपुरतं राहू द्या. मॅट कागदावर बर्फ मऊ आणि खरा दिसतो, पण काळा तितका खोल उतरत नाही, म्हणून धुक्याच्या आणि ढगाळ फोटोंसाठी मॅट, आणि उन्हातल्या लांब सावल्यांसाठी बरायटा (खोल काळा देणारा, किंचित चमकदार कागद). मोठा प्रिंट काढण्याआधी बर्फाचा आणि सर्वांत गडद खोडाचा एकेक पट्टा छापून घ्या, शाई वाळू द्या, आणि फोटो जिथे टांगणार आहात त्याच उजेडात धरून पाहा.